सूर्यासाठी मनोरा बांधणारा ज्योतिषी : जॉर्ज एलरी हेल

इ. स. १८६८ हे वर्ष सूर्याच्या अभ्यासाच्या इतिहासात मोठे मानाचे आहे. त्या वर्षी १८ ऑगस्ट रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया आपल्या दक्षिण हिंदुस्थानावरून सरकत गेली. झ्यूल जांसेन हे फ्रेंच ज्योतिषी गुंटूर येथे तळ ठोकून बसले होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा, म्हणजे तेजःशृंगांचा, वर्णपट त्यांनी ग्रहणकाळात पाहिला. त्यातील रेषा इतक्या तेजस्वी होत्या की त्या ग्रहण नसतानाही दिसल्या पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, त्या त्यांना खरोखरच दिसल्या. वर्षा-दोन वर्षांतून कोठेतरी काही मिनिटे घडणाऱ्या ग्रहणाची वाट पाहत बसण्याचे कारण उरले नाही. सूर्य रोज उगवतो आणि रोज त्याचा अभ्यास करता येईल, हा विश्वास गुंटूरच्या त्या तळावर जन्माला आला.

या घटनेच्या अवघे सात आठवडे आधी, २९ जून १८६८ रोजी, अमेरिकेतील शिकागो शहरी एका बालकाचा जन्म झाला होता. जांसेन यांनी दाखविलेली वाट पुढे राजमार्ग करण्याचे श्रेय फार मोठ्या प्रमाणात याच बालकाकडे जाते. त्याचे नाव जॉर्ज एलरी हेल. जगातील सर्वांत मोठी दुर्बीण उभारण्याचा उद्योग आयुष्यात चार वेळा यशस्वी करणारा पुरुष म्हणून हेल यांचे नाव गाजले. परंतु त्या चारही दुर्बिणी मुख्यतः ताऱ्यांकडे वळलेल्या होत्या. हेल यांचे स्वतःचे चित्त मात्र बालपणापासून अखेरपर्यंत सूर्याच्या ठायी जडलेले होते. त्यांच्या चरित्राचे मर्म समजून घेण्यासाठी ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवलेली बरी.

शिकागो शहर १८७१ च्या भीषण आगीत भस्मसात झाले आणि त्याच जागी उंच इमारतींचे नवे शहर उभे राहिले. अशा इमारतींना लिफ्ट हवीच. हेल यांचे वडील विल्यम हेल यांनी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टच्या व्यवसायात चांगली संपत्ती मिळविली. जॉर्ज हा प्रकृतीने नाजूक, पण अतिशय चौकस मुलगा होता. आईला साहित्याची ओढ होती, तर वडिलांचा ओढा यंत्रांकडे. मुलाला दोन्हींचा वारसा मिळाला. घरातच त्याला छोटी कार्यशाळा मांडून मिळाली. त्याच शहरात शर्बर्न बर्नहॅम हे गृहस्थ दिवसा न्यायालयात लघुलेखकाची नोकरी करीत आणि रात्री जोडताऱ्यांचे वेध घेत. त्यांच्या सल्ल्यावरून वडिलांनी चौदा वर्षांच्या मुलाला चार इंची भिंगाची एक वापरलेली उत्तम दुर्बीण घेऊन दिली. तिच्यातून त्याने ६ डिसेंबर १८८२ रोजी शुक्राचे अधिक्रमण पाहिले. सूर्यबिंबावरून सरकणारा तो काळा ठिपका पाहणाऱ्या मुलाची नजर पुढे सूर्यावरून कधी हटली नाही.

मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत शिकत असताना, १८८९ च्या उन्हाळ्यात, शिकागोच्या ट्राममधून जाताना त्यांना एक कल्पना सुचली. सूर्याचा पांढरा प्रकाश हा असंख्य रंगांचा मेळ असतो. त्यांतील एकाच मूलद्रव्याच्या एकाच रंगात सूर्याचे छायाचित्र घेता आले तर? युक्ती अशी : सूर्यप्रतिमेची एक अरुंद पट्टी फटीतून आत घ्यावयाची, लोलकाने किंवा जालकाने तिचा वर्णपट पाडावयाचा आणि दुसऱ्या फटीतून त्यातील हवी तेवढीच रेषा पुढे जाऊ द्यावयाची. मग सूर्यप्रतिमा पहिल्या फटीवरून व छायाचित्राची काच दुसऱ्या फटीमागून एकाच गतीने सरकवली की पट्टीला पट्टी जोडत संपूर्ण सूर्याचे चित्र तयार होते. या यंत्राला स्पेक्ट्रोहेलिओग्राफ असे नाव मिळाले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये आंरी देलांद्र यांनीही स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला होता.

जून १८९० मध्ये पदवी मिळताच दोन दिवसांनी हेल यांचा इव्हेलिना कॉन्क्लिन यांच्याशी विवाह झाला. वडिलांनी शिकागोतील घराशेजारी केनवुड वेधशाळा बांधून दिली. तेथे बारा इंची दुर्बिणीला आपले यंत्र जोडून हेल यांनी १८९१-९२ मध्ये तेजःशृंगांची व सूर्यपृष्ठावरील कॅल्शियमच्या तेजस्वी ढगांची छायाचित्रे मिळविली. ग्रहण नसताना, भर दिवसा, सूर्याच्या वातावरणाचा नकाशा काढता येऊ लागला. मात्र सूर्याचा प्रभामंडल ग्रहणाविना टिपण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. त्यासाठी ते १८९३ मध्ये पाइक्स पीक या शिखरावर आणि १८९४ मध्ये सिसिलीतील एटना पर्वतावर चढले होते. ते यश पुढे १९३० च्या सुमारास फ्रान्सचे बेर्नार ल्यो यांना लाभले.

येथून पुढे हेल यांच्या स्वभावाचा दुसरा पैलू प्रकट होऊ लागतो. १८९२ मध्ये एका परिषदेच्या वेळी भोजनोत्तर गप्पांत भिंगे घासणारे विख्यात कारागीर ॲल्व्हन क्लार्क यांच्याकडून त्यांना समजले की, कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाने मागविलेल्या, दुर्बिणीसाठीच्या प्रचंड काचेच्या दोन चकत्या पैशांअभावी पडून आहेत. चोवीस वर्षांचे हेल तडक कामाला लागले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर यांच्यासह त्यांनी ट्रामगाड्यांचे धनाढ्य मालक चार्ल्स यर्क्स यांना गाठले व त्यांचे मन वळविले. विस्कॉन्सिनमधील तळ्याकाठी यर्क्स वेधशाळा उभी राहिली आणि १८९७ मध्ये तिची चाळीस इंची दुर्बीण कार्यान्वित झाली. भिंगाची एवढी मोठी दुर्बीण ज्योतिषशास्त्राच्या नित्य वापरात तिच्या आधी नव्हती आणि नंतरही आली नाही. मधल्या काळात, १८९५ मध्ये, जेम्स कीलर यांच्या सहकार्याने हेल यांनी खगोलभौतिकीला वाहिलेले नियतकालिकही सुरू केले होते. ते आजही या विषयातील अग्रगण्य मानले जाते.

परंतु विस्कॉन्सिनचे आकाश सूर्याच्या सूक्ष्म अभ्यासाला अनुकूल नव्हते. १९०३ मध्ये हेल कॅलिफोर्नियात पॅसाडेना गावामागच्या माउंट विल्सन या सुमारे ५,७०० फूट उंचीच्या डोंगरावर चढले. तेथील शांत, स्थिर हवा पाहून त्यांनी आपले भवितव्य त्या डोंगराशी बांधले. नव्याने स्थापन झालेल्या कार्नेगी संस्थेचे साहाय्य निश्चित होण्यापूर्वीच त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर खर्चाला हात घातला. १९०४ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली आणि माउंट विल्सन सौर वेधशाळा जन्माला आली. अरुंद डोंगरवाटेने खेचरांच्या पाठीवर सामान वर जाई. निरीक्षकांच्या निवासाला मठ हे नाव पडले, आणि तेथील दिनक्रमही मठालाच शोभणारा होता. केनवुडपासूनचे साहाय्यक फर्डिनंड एलरमन येथेही हेल यांच्यासोबत होते.

डोंगरावर प्रथम आली ती स्नो दुर्बीण. शिकागोच्या हेलन स्नो या महिलेने आपल्या पित्याच्या स्मरणार्थ तिच्यासाठी देणगी दिली होती. ही दुर्बीण आडवी होती. एका लांब छपराखाली जमिनीला समांतर प्रकाश नेऊन सूर्याची प्रतिमा पाडली जाई. काम चांगले होई, परंतु सकाळची पहिली वेळ सरली की प्रतिमा थरथरू लागे. उन्हाने जमीन तापते, जमिनीलगतची हवा उसळते आणि उकळत्या पाण्याखालचे नाणे हलताना दिसावे तशी प्रतिमा हलू लागते.

सूर्याच्या दुर्बिणीची अडचण ताऱ्यांच्या दुर्बिणीहून वेगळी असते, हे येथे सांगितले पाहिजे. ताऱ्याचा प्रकाश अत्यल्प, म्हणून तो गोळा करण्यासाठी मोठे भिंग किंवा मोठा आरसा लागतो. सूर्याचा प्रकाश विपुल असतो. त्याच्या बाबतीत हवी असते मोठी प्रतिमा, आणि मोठ्या प्रतिमेसाठी भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर मोठे असावे लागते. साठ फुटांच्या अंतरावर सूर्यबिंब जेमतेम पावणेसात इंचांचे पडते. एवढी लांब नळी आकाशात फिरविणे अशक्य. मग दुर्बीण अचल ठेवावी आणि सूर्याचा पाठलाग करण्याचे काम घड्याळयंत्राने फिरणाऱ्या सपाट आरशावर सोपवावे, हा उपाय.

स्नो दुर्बिणीच्या अनुभवावरून हेल यांनी सरळ निष्कर्ष काढला : तापलेली जमीन प्रतिमा बिघडवीत असेल, तर दुर्बीण जमिनीपासून उचलून उभी करावी. १९०७ मध्ये साठ फूट उंचीचा लोखंडी सांगाड्याचा मनोरा उभा राहिला. माथ्यावरचे आरसे सूर्यप्रकाश खाली सोडीत, भिंग त्याची प्रतिमा तळाशी पाडी आणि तेथून प्रकाश सुमारे तीस फूट खोल विहिरीतील वर्णपटलेखकात उतरे. जमिनीच्या पोटात तपमान स्थिर असल्याने त्या नाजूक यंत्राला विसावा मिळे. वर मनोरा आणि खाली विहीर, ही रचना पुढे जगातील अनेक सौर वेधशाळांनी उचलली.

या मनोऱ्याने वर्षभरातच पांग फेडले. १९०८ मध्ये हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात घेतलेल्या चित्रांत सौर डागांभोवती भोवऱ्यांसारख्या आकृती दिसल्या. हेल यांनी तर्क केला की, तेथे विद्युत्‌भारित कण गरगर फिरत असतील, तर त्यापासून चुंबकीय क्षेत्र निर्माण झाले पाहिजे. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाची एक रेषा दुभंगते व तिचे घटक विशिष्ट रीतीने ध्रुवित होतात, हे हॉलंडचे पीटर झीमन यांनी १८९६ मध्येच दाखविले होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात हेल यांनी डागांच्या वर्णपटात नेमके तेच पाहिले आणि पॅसाडेनातील प्रयोगशाळेत विद्युत्‌चुंबकाच्या साहाय्याने त्याचा पडताळा घेतला. डागांतील क्षेत्र सुमारे तीन हजार गाउसपर्यंत भरले. पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्ध्या गाउसच्या आसपास असते. पृथ्वीबाहेर चुंबकत्व आहे, याचा हा पहिला पुरावा होय.

या कथेत आपल्या देशाचाही भाग आहे. कोडाईकॅनॉलच्या सौर वेधशाळेत रुजू होण्यासाठी निघालेले जॉन एव्हरशेड हे वाटेत, १९०६ मध्ये, माउंट विल्सनला हेल यांच्याकडे थांबले होते. जानेवारी १९०९ मध्ये त्यांनी कोडाईकॅनॉल येथे डागांतील वायूची गती मोजली. भोवऱ्यासारखे फिरणे त्यांना आढळले नाही. वायू डागाच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूस, सूर्यपृष्ठाला समांतर वाहत होता. हेल यांचा शोध खरा, पण त्यामागील भोवऱ्याची कल्पना अपुरी, हे अशा प्रकारे भारतातल्या एका डोंगरावरून दिसून आले. डागांतील चुंबकत्वाचे मूळ सूर्याच्या अंतर्भागातील घडामोडींत आहे, असे आज मानले जाते. पुण्याला प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी चालविलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिची साधनसामग्रीही याच कोडाईकॅनॉलला गेली.

साठ फुटांवर हेल यांचे समाधान झाले नाही. १९१२ मध्ये दीडशे फुटी मनोरा पूर्ण झाला. एवढा उंच सांगाडा वाऱ्याने हलणार. त्यावर योजलेला उपाय विलक्षण होता. मनोऱ्यात मनोरा बसविला गेला. आतल्या सांगाड्याचा प्रत्येक खांब व दांडा बाहेरच्या सांगाड्याच्या पोकळ दांड्यातून, त्याला कोठेही न शिवता, गेलेला. वारा बाहेरच्याला हलवी, पण भिंग व आरसे पेलणारा आतला मनोरा निश्चल राही. येथे सूर्याची प्रतिमा सुमारे सतरा इंचांची पडे आणि खालच्या विहिरीत पंच्याहत्तर फूट लांबीचा वर्णपटलेखक होता.

सौर डाग बहुधा जोडीने असतात आणि जोडीतील दोन डागांचे चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध असतात. सूर्याच्या उत्तर गोलार्धात पुढचा डाग ज्या ध्रुवाचा, त्याच्या उलट दक्षिण गोलार्धात, असा नियम आढळला. डागांच्या संख्येचे चढउतार सुमारे अकरा वर्षांनी पुन्हा येतात, हे ठाऊक होते. १९१३ च्या सुमारास नवे चक्र सुरू झाले आणि ध्रुवांचा क्रम एकदम उलटला. हा योगायोग की नियम? उत्तर मिळविण्यासाठी आणखी एक चक्र संपेपर्यंत थांबण्याखेरीज इलाज नव्हता. हेल व त्यांचे सहकारी थांबले. १९२२ मध्ये पुढील चक्राचे पहिले डाग उगवले, ते पुन्हा उलट क्रमाने. सूर्याचे खरे चक्र सुमारे बावीस वर्षांचे आहे, हे सिद्ध झाले. निसर्गाला घाई करता येत नाही, आणि काही प्रश्नांसाठी माणसाचे वय अपुरे पडते. अशा वेळी संस्था लागते.

ही जाणीव हेल यांना स्वतःच्या शरीरानेही करून दिली होती. अतिश्रम, सततची धडपड आणि मूळचा चिंतातुर स्वभाव यांमुळे १९१० मध्ये त्यांचे मन कोलमडले. त्या वर्षी सूर्यसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघाची परिषद त्यांच्याच डोंगरावर भरली होती. हा संघ उभारण्यातही त्यांचाच पुढाकार होता. परंतु यजमान स्वतः आजारी होता. डोकेदुखी, निद्रानाश आणि खिन्नता यांनी ते वारंवार ग्रासले जात. रुग्णालयांत व दूरच्या प्रवासांत महिनेच्या महिने घालवावे लागत. एक छोटा भूत त्यांना सल्ले देत असे, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. आजारपणाविषयीच्या त्यांच्या एका आलंकारिक उल्लेखाचा तो विपर्यास असावा, असे नंतरच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. विकार मात्र खरा होता आणि त्याने जन्मभर पाठ सोडली नाही.

अशा अवस्थेतही कार्य थांबले नाही. वडिलांनी १८९६ मध्ये घेऊन दिलेल्या काचेच्या चकतीतून घडविलेल्या साठ इंची आरशाची दुर्बीण डिसेंबर १९०८ मध्ये माउंट विल्सनवर सुरू झाली होती. त्यानंतर लॉस अँजेलिसचे व्यापारी जॉन हूकर यांच्या देणगीतून शंभर इंची दुर्बिणीचा आरंभ झाला. तिच्या आरशाच्या काचेत बुडबुडे निघाले व ती टाकाऊ ठरण्याच्या बेताला आली. दुसरी काच जमेना, म्हणून अखेर तीच घासली गेली. नोव्हेंबर १९१७ च्या पहिल्या रात्री गुरू ग्रह पाहिला, तर एका प्रतिमेऐवजी अनेक प्रतिमा दिसल्या. उपस्थितांची मने खचली. दिवसा घुमट उघडा राहून उन्हाने आरसा तापला असावा, असा विचार पुढे आला. पहाटेपर्यंत आरसा निवला आणि अभिजित तारा रेखीव दिसला. हेल यांच्या आराध्य सूर्यानेच त्या रात्री त्यांची परीक्षा पाहिली, असे म्हणावे लागेल. याच दुर्बिणीतून पुढे एडविन हबल यांनी आपल्या आकाशगंगेपलीकडच्या दीर्घिका ओळखल्या व विश्वाच्या प्रसरणाचा पुरावा मिळविला.

प्रस्तुत स्मरणिकेच्या वाचकांना हेल यांचे आणखी एक कार्य विशेष भावेल. पॅसाडेनाजवळ राहणारे रेल्वे उद्योगपती हेन्री हंटिंग्टन यांच्यापाशी दुर्मीळ ग्रंथांचा व हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह होता. तो घराण्याचे वैभव म्हणून बंदिस्त न राहता अभ्यासकांसाठी खुली संस्था व्हावा, म्हणून हेल यांनी अनेक वर्षे त्यांचा पिच्छा पुरविला. १९१९ मध्ये विश्वस्त निधी होऊन हंटिंग्टन ग्रंथालय साकार झाले आणि पहिल्या विश्वस्तांत हेल होते. पॅसाडेनातील एका छोट्या विद्यालयाचे, १९२० पासून कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, रूपांतर घडविण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. दुर्बीण असो, विद्यालय असो वा ग्रंथालय, धनिकाच्या धनाला ज्ञानाची वाट दाखविणे हे त्यांनी आपले कर्तव्य मानले.

१९२३ मध्ये प्रकृतीपुढे हार मानून त्यांनी संचालकपद सोडले. मग पॅसाडेनात एक छोटी खासगी सौर प्रयोगशाळा बांधली. तिच्या दारावर प्राचीन इजिप्तच्या धर्तीचे शिल्प आहे : सूर्य आणि त्याचे हातांत संपणारे किरण. येथे त्यांनी स्पेक्ट्रोहेलिओस्कोप तयार केला. फटी किंवा लोलक इतक्या जलद हलवावयाचे की एका रंगातील सूर्य डोळ्यांना सलग दिसावा, ही त्यातील युक्ती. अशी यंत्रे अनेक देशांत गेली, आणि त्यांतील एक कोडाईकॅनॉललाही आले. संपूर्ण सूर्याचे सर्वसाधारण चुंबकीय क्षेत्र मोजण्याचा ध्यासही त्यांनी सोडला नव्हता. १९१३ मध्ये त्यांनी ते सुमारे पन्नास गाउस ठरविले होते. ते अनुमान चुकीचे निघाले. १९५० नंतर हॅरोल्ड व होरेस बॅबकॉक या पितापुत्रांनी अधिक सूक्ष्म यंत्राने ते एखाद-दुसऱ्या गाउसइतके अल्प असल्याचे दाखविले, आणि तेही हेल यांच्याच प्रयोगशाळेत.

शेवटचा संकल्प दोनशे इंची दुर्बिणीचा. १९२८ मध्ये रॉकफेलर यांच्या निधीतून साठ लाख डॉलर मंजूर करून घेण्यात हेल यशस्वी झाले. १९३४ मध्ये तिच्या आरशाची काच ओतली गेली. परंतु दुर्बीण उभी राहिलेली त्यांनी पाहिली नाही. २१ फेब्रुवारी १९३८ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये पालोमार पर्वतावर तिचे उद्घाटन झाले, तेव्हा तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

हेल यांची खरी स्मारके मात्र ते दोन मनोरे आहेत, असे वाटते. कोडाईकॅनॉलला १९५८ ते १९६० या काळात उभारलेल्या दुर्बिणीतही मनोऱ्यावरचे आरसे सूर्यप्रकाश भुयारात उतरवितात. हवाई बेटांवरील चार मीटर आरशाच्या सौर दुर्बिणीने २०२० मध्ये पहिली चित्रे दिली. ती दुर्बीणही डागांचे चुंबकत्व जोखते ते रेषांच्या दुभंगण्यावरून व प्रकाशाच्या ध्रुवणावरूनच.

दीडशे फुटी मनोऱ्याच्या तळाशी जानेवारी १९१७ मध्ये एक साधा परिपाठ सुरू झाला. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यावयाची, प्रत्येक डाग पेन्सिलीने रेखाटावयाचा आणि त्याशेजारी त्याच्या क्षेत्राचे बळ व ध्रुव टिपावयाचा. संचालक बदलले, निधी आटले, हेल गेले, पण ती नोंद शंभर वर्षांहून अधिक काळ हातानेच होत राहिली. आपल्या वाचनालयाची दाखल-नोंदवही व देवघेवीच्या वह्या ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भरल्या, त्यांना या परिपाठाचे मोल वेगळे सांगावयास नको. त्यातील एखादी ओळ क्षुल्लक वाटते, परंतु अकरा-अकरा वर्षांनी उलटणारा सूर्याचा नियम अशा ओळींच्या राशीतूनच हाती लागला. ज्या माणसाला स्वतःच्या मनाची शांती क्वचितच लाभली, त्याने आपल्यामागे असे काम लावून दिले की जे रोज सकाळी शांतपणे, कोणाचेही नाव न घेता, पुन्हा सुरू होते.